थॉर्प म्हणजे गाव की वाडी? एका जुन्या इंग्रजी शब्दाची उकल

प्रश्न असा: इंग्लंडच्या नकाशावर स्कन्थॉर्प, ग्राइमथॉर्प, क्लीथॉर्प्स अशी नावं सारखी भेटतात. शब्दकोश उघडला तर 'थॉर्प' या शब्दापुढे 'गाव, जुना शब्द' एवढंच लिहिलेलं असतं. हा शब्द आला कुठून, जर्मन 'डॉर्फ'शी त्याचं नातं काय, आणि आपल्या 'पूर'शी त्याचा काही संबंध आहे का?

थोडक्यात उत्तर: थॉर्प हा जर्मानिक कुळातला, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश या भाषांच्या कुळातला, अस्सल शब्द आहे. डॉर्फ त्याचं सख्खं भावंड, 'पूर' कोणीच नाही. आणि शब्दकोश 'गाव' म्हणत असला तरी इंग्लंडातल्या वापरात त्याचा अर्थ बहुतेक ठिकाणी गाव नसून गावाच्या आश्रयाने वाढलेली वस्ती असा आहे. मराठीत त्याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द 'वाडी'. महसुली कागदांतला शब्द हवा असेल तर 'मजरे'. मौजे म्हणजे स्वतंत्र गाव आणि मजरे म्हणजे त्या गावाच्या हिशेबात धरलेली वेगळी वस्ती, हा फरक ज्याला माहीत आहे त्याला थॉर्प समजायला वेळ लागत नाही.

याचा चांगला दाखला पूर्व इंग्लंडातल्या नॉरफक परगण्यात आहे. तिथे बर्नम नावाचा गावांचा पुंजकाच आहे, आणि त्यातलं एक बर्नम थॉर्प. ॲडमिरल नेल्सन 1758 साली इथे जन्मला म्हणून ते प्रसिद्ध आहे. 1086 सालच्या डूम्सडे बुकात, म्हणजे नॉर्मन राजा विल्यमने करवून घेतलेल्या जमीन-महसुलाच्या मोठ्या नोंदवहीत, ते 'ब्रूनहमटॉर्प' असं आलंय. सरळ अर्थ, बर्नमची वाडी. मूळ गाव एक, त्याच्या शिवारात लांबच्या जमिनीवर काही कुटुंबं राहायला गेली आणि तिथली वस्ती मूळ गावाच्या नावाने ओळखली जाऊ लागली. नॉरफकमध्येच गेटन आणि गेटन थॉर्प ही जोडीही तशीच आहे.

स्थलनामांचे इंग्रजी अभ्यासक म्हणूनच थॉर्पचा अर्थ देताना 'बाहेरच्या बाजूची वस्ती' किंवा 'दुय्यम शेतवस्ती' असं लिहितात. चर्च बहुधा मूळ गावात, न्यायनिवाडा मूळ गावात, थॉर्पवर फक्त घरं, गोठे आणि शेतं. अर्थात हा मूळचा अर्थ. पुढच्या नऊशे-हजार वर्षांत कुठल्या थॉर्पचं काय झालं हे त्या नावावरून कळत नाही. त्यावर पुढे येतोच.

आता ध्वनींकडे, कारण 'पूर'चा प्रश्न तिथेच सुटतो.

जर्मानिक भाषांचं व्यंजनांचं गणित बऱ्यापैकी काटेकोर आहे. मूळ इंडो-युरोपीय 'त'चा जर्मानिक भाषांत 'थ' झाला, 'प'चा 'फ' झाला, 'ब'चा 'प' झाला. याला ग्रिमचा नियम म्हणतात. पुढे जर्मनीच्या दक्षिण आणि मध्य भागातल्या बोलींत आणखी एक फेरा झाला. तिथे 'थ'चा 'ड' झाला आणि शब्दाच्या मधल्या-शेवटच्या 'प'चा 'फ' किंवा 'प्फ' झाला. इंग्रजी या दुसऱ्या फेऱ्यातून सुटली. डच आणि उत्तर जर्मनीची सखल प्रदेशातली भाषा अर्ध्या सुटल्या, म्हणजे तिथे 'थ'चा 'ड' झाला पण 'प' तसाच राहिला.

या नियमाने थॉर्प लावून पाहा. इंग्रजीत थॉर्प, डचमध्ये डॉर्प, जर्मनमध्ये डॉर्फ. अगदी बरोबर बसतं. पडताळा म्हणून दुसरे शब्द घ्या. काट्याला इंग्रजीत थॉर्न, जर्मनमध्ये डॉर्न, आणि संस्कृतात याचा नातेवाईक आहे 'तृण'. तीनला थ्री, द्राय, आणि आपल्याकडे 'त्रि'. जहाजाला इंग्रजीत शिप, जर्मनमध्ये शिफ. सगळीकडे एकच चाल.

आता 'पूर'. संस्कृत 'पुर्' मध्ये सुरुवातीला 'प' आहे. त्या 'प'चा जर्मानिकमध्ये 'फ' व्हायला हवा, जसा 'पितृ'चा फादर आणि 'पाद'चा फूट झाला. शिवाय थॉर्पच्या सुरुवातीचा 'थ' संस्कृतात 'त' म्हणून दिसायला हवा. 'पूर'मध्ये 'त' कुठेच नाही. थॉर्पच्या शेवटी 'र्प' आणि 'पूर'मध्ये 'प' व 'र' आहेत, एवढ्यावरून नातं जुळवणं म्हणजे आडनाव सारखं म्हणून भाऊबंद ठरवण्यासारखं आहे. 'पुर्'चे खरे नातेवाईक ग्रीक 'पोलिस' म्हणजे नगर आणि लिथुआनियन 'पिलिस' म्हणजे किल्ला हे मानले जातात.

इंग्रजी गावनावांत संस्कृतशी नातं शोधायचंच असेल तर दुसरीकडे बघा. नावाच्या शेवटी येणारं 'विक' किंवा 'विच' हे लॅटिन 'विकुस'वरून इंग्रजीत आलं, आणि 'विकुस' हा संस्कृत 'विश्' म्हणजे वस्ती, लोक, याचा चुलतभाऊ. 'प्रवेश', 'वैश्य' हे शब्द त्याच धातूचे. डॅनिश लोकांनी आणलेलं 'बी' (डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी) हे ज्या धातूवरून आलं तो म्हणजे आपला 'भू'. 'भवन'मध्ये तोच आहे.

थॉर्पच्या मुळाबद्दल मात्र अजून वाद आहे. एक मत असं की हा शब्द 'घर, निवास' या अर्थाच्या मुळापासून आला. त्याच्या बाजूने साक्षी भरपूर आहेत: वेल्श 'ट्रेव्ह' (गाव, नगर), कॉर्निश 'ट्रे', जुन्या आयरिशमधलं 'ट्रेब' (निवास), लिथुआनियन 'त्रोबा' (घर), इटलीतल्या प्राचीन ऑस्कन भाषेतला घराचा शब्द, आणि लॅटिन 'त्राब्स' म्हणजे तुळई. कॉर्नवॉलमध्ये ट्रेने सुरू होणारी शेकडो गावं आहेत, ती या हिशेबाने थॉर्पची लांबची भावंडं. ज्युलियस सीझरच्या काळी उत्तर गॉलमध्ये राहणाऱ्या अत्रेबाती टोळीच्या नावातही हेच मूळ आहे, आणि फ्रान्समधल्या अरास शहराचं नाव त्या टोळीवरून पडलं.

दुसरं मत असं की मूळ अर्थ 'घोळका' होता. लॅटिन 'तुर्बा' म्हणजे गर्दी. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेत, 'थिरपास्त' असं क्रियापद आहे, अर्थ एकत्र जमणं, गर्दी करणं. आणि तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने कवींसाठी केलेल्या संग्रहात माणसांच्या जमावांची एक गमतीदार यादी दिली आहे, त्यात तीन माणसं जमली की त्यांना 'थॉर्प' म्हणायचं असं येतं. म्हणजे घरांचा घोळका, म्हणून वस्ती.

तिसरी साक्ष गॉथिकची, आणि ती या दोन्ही मतांना अडचणीत आणते. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने बायबलचं गॉथिक भाषांतर केलं. जर्मानिक भाषांतला हा सर्वांत जुना मोठा मजकूर. त्यात नहेम्याच्या पुस्तकात 'थाउर्प' शब्द आहे आणि तिथे अर्थ चक्क 'शेत, जमीन' असा आहे. 'आम्ही जमीन विकत घेतली नाही' असं ते वाक्य आहे. मला स्वतःला 'निवास' हे मूळ अधिक पटतं, कारण वेगवेगळ्या शाखांतल्या इतक्या भाषा एकाच वेळी चुकीची साक्ष देतील असं वाटत नाही. पण घर, घरामागची कसलेली जमीन आणि तिथली माणसं हे तीन अर्थ एकमेकांत सहज सरकतात. आपल्याकडे 'वस्ती' शब्दाचा वापर बघितला तरी ते लक्षात येतं.

आता इंग्लंड. इथे एक गैरसमज घट्ट बसलाय, की थॉर्प म्हणजे व्हायकिंगांनी आणलेला शब्द. अर्धं खरं आहे. खरं चित्र असं की शब्द दोन वाटांनी आला.

पहिली वाट अँग्लो-सॅक्सनांची, म्हणजे व्हायकिंगांच्या आधी इंग्लंडात येऊन वसलेल्या लोकांची. त्यांच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द होताच, आणि त्याचं आवडतं रूप होतं 'थ्रोप'. म्हणजे 'र' आणि स्वर यांनी जागा बदलली. वर्णविपर्यय इंग्रजीत नवा नाही. बर्ड हा आधी 'ब्रिड' होता, थर्ड आधी 'थ्रिड', हॉर्स आधी 'ह्रोस'. आपल्याकडे वाराणसीचं बनारस झालं ते याच चालीने. दक्षिण आणि नैऋत्य इंग्लंडात हे रूप टिकलं: ग्लॉस्टरशरमध्ये थ्रप, साउथ्रप, हॅथ्रप, ऑक्सफर्डशरमध्ये थ्रप, डॉर्सेटमध्ये थ्रूप, हॅम्पशरमध्ये ईस्ट्रप. ग्लॉस्टरशरमधल्याच ॲडल्स्ट्रॉपची नोंद 714 सालच्या सनदेत येते. व्हायकिंगांची पहिली मोठी फौज इंग्लंडात उतरली ती 865 साली. म्हणजे ते यायच्या दीडशे वर्षं आधी शब्द तिथे होता.

दुसरी वाट डेन लोकांची, म्हणजे डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांची. 876 साली त्यांनी यॉर्कशरमधल्या जमिनी आपसात वाटून घेऊन नांगर धरला अशी नोंद अँग्लो-सॅक्सन बखरीत आहे. पुढच्या काही वर्षांत लिंकनशर, लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर, पूर्व अँग्लिया हा सगळा पट्टा त्यांच्या हुकमतीत गेला. तिथे डॅनिश कायदा चालायचा म्हणून त्याला डेनलॉ म्हणतात. थॉर्पची दाटी याच पट्ट्यात आहे, आणि रूप 'थॉर्प', 'थ्रोप' नव्हे. केंट, ससेक्सकडे शब्द फारच विरळ होतो.

नाव डॅनिश की इंग्रजी हे ओळखायचं तर पहिला भाग बघायचा. ग्राइमथॉर्पमध्ये 'ग्रिम' हे नॉर्स नाव आहे. मेबलथॉर्पमध्ये मात्र 'माल्बर्ट' हे युरोपच्या मुख्यभूमीवरचं जर्मानिक नाव आहे, म्हणजे डेनलॉच्या पट्ट्यात असूनही तो माणूस डेन असेलच असं नाही. क्लीथॉर्प्समध्ये माणूसच नाही. 'क्ली' म्हणजे चिकणमाती, तिथलं क्ली हे जुनं गाव, आणि त्याच्या आसपासच्या एकापेक्षा जास्त थॉर्प वस्त्या मिळून 'थॉर्प्स' हे अनेकवचन.

स्कन्थॉर्पवर जरा थांबतो, कारण शब्दाचा जवळपास सगळा इतिहास त्या एका नावात सापडतो. 1086 च्या नोंदवहीत ते 'एस्क्यूमटॉर्प' आहे. स्कूमा नावाच्या डॅनिश माणसाची वाडी. सुरुवातीचा 'ए' कुठून आला? नोंदी करणारे लेखनिक फ्रेंच वळणाचे होते, त्यांच्या जिभेला शब्दारंभीचा 'स्क' झेपत नव्हता, म्हणून आधी स्वर लावला. आपल्या आजोबांच्या पिढीने स्कूलचं 'इस्कूल' केलं त्याचं कारणही हेच. आणि 'थ'चा 'ट' झाला कारण फ्रेंचमध्ये 'थ' नाही. जुन्या इंग्रजीत आणि नॉर्समध्ये 'थ'साठी स्वतंत्र अक्षर होतं, त्याचं नाव 'थॉर्न'. नॉर्मन लेखनिकांना ते परकं वाटायचं. म्हणूनच डूम्सडेमध्ये बहुतेक सगळे थॉर्प 'टॉर्प' म्हणून दिसतात. ते बघून 'मूळ उच्चार टॉर्प होता' असा निष्कर्ष काढू नका. ती लेखनिकाची अडचण आहे, गावकऱ्यांचा उच्चार नाही.

आजचं स्कन्थॉर्प शहर पाच खेडी मिळून झालं: ॲशबी, ब्रंबी, क्रॉस्बी, फ्रॉडिंगम आणि स्कन्थॉर्प. तीन 'बी', एक 'हॅम' आणि एक 'थॉर्प'. 'बी' म्हणजे डॅनिशमध्ये पूर्ण गाव, 'हॅम' म्हणजे इंग्रजांचं जुनं गाव, आणि थॉर्प म्हणजे वाडी. मानाच्या उतरंडीत सर्वांत खालच्या वस्तीचं नाव शहराला मिळालं, कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात तिथे लोहखनिज निघालं आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. हा कारखाना 2007 ते 2016 या काळात टाटा स्टीलकडे होता आणि नंतर एका पौंडाला विकला गेला, हे मराठी वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल. याच शहराच्या नावाने संगणक क्षेत्रात 'स्कन्थॉर्प अडचण' ही संज्ञा रूढ आहे. 1996 साली अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या शिवीगाळ रोखणाऱ्या चाळणीला त्या नावातल्या दुसऱ्या ते पाचव्या रोमन अक्षरांत एक शिवी दिसली आणि तिथल्या रहिवाशांना खातंच उघडता येईना. हा प्रकार पूर्ण शब्द न बघता मधली अक्षरं तपासल्यामुळे होतो, आणि आजही तशा चाळण्या लिहिल्या जातात.

एक व्यावहारिक अडचण शेतकऱ्यांनाही होती, नोंद ठेवणाऱ्यांनाही. नुसतं 'थॉर्प' नावाची गावं डझनावारी. आपल्याकडे एका तालुक्यात चार पिंपळगावं असली की जे होतं तेच. उपाय म्हणून नावाला शेपूट जोडलं गेलं. नॉर्दम्पटनशरमधलं थॉर्प मँडव्हिल हे अमंडव्हिल घराण्यावरून, थॉर्प मॅल्सर हे मॅलसूर घराण्यावरून. एसेक्समधलं थॉर्प-ल-सोकन हे तिथल्या खास न्यायाधिकाराच्या क्षेत्रावरून. यॉर्कजवळचं नुसतं 'टॉर्प' तेराव्या शतकात आर्चबिशपच्या ताब्यात गेलं आणि बिशपथॉर्प झालं. यॉर्कच्या आर्चबिशपचा वाडा अजून तिथेच आहे.

मग इतका रुळलेला शब्द बोलीतून गेला कसा? व्हिलेज आणि हॅम्लेट या दोन शब्दांनी त्याची जागा घेतली. दोन्ही फ्रेंचमधून आले. व्हिलेज हा लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतवाडा यावरून. हॅम्लेटची गंमत म्हणजे तो फ्रेंचमधून आला असला तरी त्याच्या पोटात जर्मानिक 'हाइम' म्हणजे घर हाच शब्द आहे. 1066 साली फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, आणि त्यानंतर जमीन, कर, न्याय यांची भाषा नॉर्मन झाली. कर 'व्हिल' या एककावर बसायचा, न्याय मॅनरच्या, म्हणजे जमीनदाराच्या मुलखाच्या, कचेरीत व्हायचा, आणि या व्यवस्थेत थॉर्पला वेगळं स्थान नव्हतं. चौदाव्या शतकाच्या शेवटी चॉसर या कवीच्या कथांत 'थ्रोप' अजून साध्या अर्थाने येतो. त्यानंतर तो बोलण्यातून हळूहळू नाहीसा झाला आणि नावांत गोठून राहिला. एकोणिसाव्या शतकातल्या कवींनी जुनेपणाचा रंग म्हणून तो उकरून काढला. टेनिसनच्या 1855 सालच्या एका कवितेत ओढा आपली वाट सांगताना वीस थॉर्प मोजतो. टेनिसन लिंकनशरचा, म्हणजे थॉर्पांच्या ऐन मुलखातला, त्यामुळे त्याला शब्दकोश चाळावा लागला नसेल.

आजच्या तरुणांना हा शब्द भेटतो तो बहुधा खेळात. डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत वस्त्यांची कोष्टकं आहेत. त्यात 20 ते 80 लोकवस्ती म्हणजे थॉर्प, 81 ते 400 हॅम्लेट, 401 ते 900 व्हिलेज. हे आकडे खेळासाठी ठरवलेले आहेत, मध्ययुगीन इंग्लंडात अशी मोजणी नव्हती. पण सर्वांत लहान वस्तीला थॉर्प म्हणणं हे मूळ अर्थाला धरून आहे, हे मान्य करायला हवं.

आता एखाद्या नावात खरंच थॉर्प आहे का हे तपासायची रीत. हीच माझ्या मते या उत्तरातली सर्वांत उपयोगाची गोष्ट.

आजच्या स्पेलिंगवर विसंबायचं नाही, हे पहिलं. सर्वांत जुनं लिखित रूप आणि त्याचं साल शोधायचं. डूम्सडेमधलं रूप बहुतेक वेळा मिळतं, त्याआधीची सनद मिळाली तर उत्तम. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी ही 1923 साली स्थापन झालेली संस्था परगण्यागणिक खंड काढते आहे, त्यात प्रत्येक गावाची रूपं सालासकट दिलेली असतात. नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर इंग्रजी स्थलनामांची शोधसूची आहे, वरवरच्या कामाला ती पुरते. एकच रूप पाहून थांबू नका, निदान तीन वेगवेगळ्या शतकांतली रूपं एकाखाली एक लिहा. बदल कुठे झाला ते डोळ्यांना दिसतं.

मग शेवटचा भाग वेगळा काढा. थॉर्प आज साधा थॉर्प, स्पेलिंगच्या शेवटी मूक ई लावलेला थॉर्प, थ्रप, थ्रूप, ट्रॉप, ड्रॉप, ट्रिप अशा अनेक वेषांत असतो. शेवटच्या ई-ला अर्थ नाही, तो लेखनाच्या सवयीचा. 'ट' आणि 'ड' येतात ते मागच्या व्यंजनात 'थ' मिसळल्यामुळे. उच्चार तर आणखी लांब जातो. नॉर्दम्पटनशरमधल्या ऑल्थॉर्पचा, म्हणजे 1508 पासून स्पेन्सर घराण्याच्या मालकीच्या आणि राजकन्या डायनाचं दफन झालेल्या जागेचा, पारंपरिक उच्चार 'ऑल्ट्रप' असा आहे. 1086 मध्ये ते 'ओल्लेटॉर्प', ओल्ला नावाच्या माणसाची वाडी.

त्यानंतर पहिला भाग. तिथे माणसाचं नाव, दिशा, झाड, माती, मालकी यांपैकी काय आहे ते जुन्या रूपावरून ठरवायचं. इथे चुका जास्त होतात, आणि ॲडल्स्ट्रॉप हे त्याचं नेहमीचं उदाहरण. आजचं रूप पाहून कोणीही 'ॲडल' नावाचा माणूस शोधेल. पण 714 मध्ये रूप आहे 'टिट्लस्ट्रॉप'. माणसाचं नाव टेटल. 'ॲट टॅट्लस्ट्रॉप' असं म्हणताना 'ॲट' या शब्दयोगी शब्दाचा 'ट' आणि नावाचा 'ट' एकमेकांत मिसळले, ऐकणाऱ्याला वाटलं नाव 'ॲ'ने सुरू होतं, आणि चौदाव्या शतकापासून सुरुवातीचा 'ट' गळाला. जुनं रूप हाती नसतं तर हे कळण्याची काहीच सोय नव्हती.

उलटी चूकही होते. डरम परगण्यातलं स्टेनड्रॉप हे नाव डोळ्यांना साउथ्रपसारखंच दिसतं, आणि 'स्टेन' म्हणजे दगड, म्हणून 'दगडी वाडी' असा अर्थ लावायचा मोह होतो. पण 1040 च्या सुमाराचं रूप 'स्टॅन्ड्रोपा' आहे, आणि अभ्यासक त्याचे तुकडे 'स्टेनर' म्हणजे खडकाळ जमीन आणि 'होप' म्हणजे दरी असे पाडतात. म्हणजे बहुधा तिथे थॉर्प नाहीच. सगळे 'ड्रॉप' थॉर्प नसतात.

शेवटी नकाशा उघडा. खरा थॉर्प असेल तर जवळ, साधारण चालत जाण्याच्या अंतरावर, जुनं मोठं गाव सापडायला हवं. दोघांच्या शिवेचा आकार बघा. थॉर्पची हद्द पुष्कळदा मोठ्या गावाच्या हद्दीतून कापून काढल्यासारखी असते. जुनं चर्च मोठ्या गावात आणि थॉर्पवर नंतर बांधलेलं छोटं चॅपल, अशी स्थिती असेल तर अंदाज आणखी पक्का होतो. नावाचा अर्थ आणि जमीन यांचं जमत नसेल तर आधी अर्थावर संशय घ्यावा.

इंग्लंडबाहेर याच शब्दाचं काय झालं ते थोडक्यात. जर्मनीत डॉर्फ हा खेड्याचा रोजचा शब्द आहे, पण ड्युसेलडॉर्फ म्हणजे ड्युसेल नदीकाठचं खेडं, आणि त्याला 1288 पासून शहराचा दर्जा आहे. रूर खोऱ्यात बॉट्रॉप आहे, तिथे वर्णविपर्यय इंग्लंडसारखाच. डेन्मार्कमध्ये शब्द झिजून नुसता 'रुप' उरला: कोपनहेगनचा विमानतळ आहे ते कास्ट्रुप, शेजारची ग्लोस्ट्रुप, बॅलेरुप ही सगळी थॉर्पंच. स्वीडनमध्ये 'टॉर्प' म्हणजे कुळाचं झोपडं. जमीनदाराच्या शेतावर ठरलेले दिवस राबून भाडं फेडणाऱ्या कुळाला 'टॉर्पारे' म्हणत. हीच पद्धत फिनलंडमध्येही होती, तिथे ती 1918 च्या कायद्याने मोडली. आता स्वीडनमध्ये टॉर्प म्हटलं की शहरी माणसाचं उन्हाळ्यातलं लाल रंगाचं छोटं घर डोळ्यांपुढे येतं. दक्षिण आफ्रिकेत डचांबरोबर गेलेला 'डॉर्प' तिथल्या इंग्रजीत लहान, बऱ्याचदा कंटाळवाण्या गावासाठी वापरतात.

आडनावांत तर शब्द जगभर फिरतोय. जलतरणपटू इयन थॉर्प हा सरळ. मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा 1630 सालचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याचं आडनाव विन्थॉर्पवरून. विमानं बनवणाऱ्या नॉर्थ्रॉपमध्ये उत्तरेची वाडी आहे. आणि एक आडनाव आपल्या सोलापूर जिल्ह्यात येऊन पोचलं: एव्हरार्ड कॅल्थ्रॉप, बार्शी लाइट रेल्वेचा इंजिनियर. जन्म 1857 चा, लिंकनशरमधला. कॅल्थ्रॉप म्हणजे काली नावाच्या डॅनिश माणसाची वाडी. नॉरफकमध्ये कॅल्थॉर्प नावाचं गाव आहे, 1086 मध्ये ते 'कॅलेटॉर्प' होतं. या गृहस्थाने अडीच फुटी रुळांची बार्शी रेल्वे 1897 साली सुरू केली ती मुख्य मार्गावरच्या बार्शी रोड स्थानकापासून. त्या स्थानकाचं आजचं नाव कुर्डुवाडी. माढा तालुक्यातलं कुर्डू हे मूळ गाव, आणि वाडी रेल्वेमुळे त्याच्यापेक्षा मोठी झाली. बर्नम आणि बर्नम थॉर्प, कुर्डू आणि कुर्डुवाडी: नावाची घडण तीच, फक्त वाढण्याचा क्रम स्कन्थॉर्पसारखा.

भाषांतर करणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. जुन्या इंग्रजी मजकुरात सामान्यनाम म्हणून थॉर्प आला तर 'वाडी' लिहा. कोकणातल्या वाचकासाठीही तो चालतो, कारण तिथे वाडी म्हणजे गावाचाच भाग. आदिवासी पट्ट्यातलं 'पाडा' किंवा बंजारा समाजाचं 'तांडा' वापरू नका, त्या शब्दांना समाजाचा संदर्भ आहे, थॉर्पला तो नाही. 'खेडं' लिहिलं तर चूक नाही, पण दुय्यमपणा निघून जातो. मजकूर ऐतिहासिक असेल आणि मूळ गावाशी असलेलं महसुली नातं दाखवायचं असेल तर 'मजरे'. विशेषनामात मात्र काहीच भाषांतर करायचं नाही, आणि देवनागरीत लिहिताना स्पेलिंगपेक्षा स्थानिक उच्चार धरावा: थॉर्प, थ्रप, साउथ्रप. स्वीडिश मजकुरात 'टॉर्प' आला तर वाडी नको, तिथे अर्थ एका घराचा आहे. जुन्या काळासाठी 'कुळाचं झोपडं' आणि आजच्या काळासाठी 'सुटीतलं घर' हे बरोबर.